मलम नंतर, आधी तो बसतो ती जागा पाहा

प्रश्न : आमच्याकडे साडेचार वर्षांचा रेक्स जातीचा ससा आहे, भुऱ्या. महिन्याभरापूर्वी त्याच्या मागच्या दोन्ही टाचांचे केस गेलेले दिसले. आता तिथली कातडी लाल झालीय आणि डाव्या टाचेवर खपली धरलीय. शेपटीखालचे केस सतत ओले, पिवळट असतात, वासही येतो. दोनदा त्याला लहान मुलांच्या शांपूने आंघोळ घातली. घरात खाजेवरचं मलम होतं ते लावलं, पण तो चाटून टाकतो. खाणं व्यवस्थित आहे, वजन मात्र वाढलंय. पूर्वी सोफ्यावर उड्या मारायचा, आता बसून असतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे, एका कोपऱ्यात सतरंजीचा तुकडा टाकलाय. घरात अमॉक्सिसिलिनच्या उरलेल्या गोळ्या आहेत, त्यातली पाव गोळी दिली तर चालेल का? आणि नेमकं कुठलं मलम लावू?
– भुऱ्याची आई

उत्तर :

ताई,

आधी त्या गोळीबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रातली तीच गोष्ट भुऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पाव गोळी नाही, तिचा कणही देऊ नका. सशाच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते. तिच्यात राहणाऱ्या उपयोगी जिवाणूंच्या भरवशावरच त्याचं गवत पचतं. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन नेमकं याच जिवाणूंचा नाश करतं. त्यांची जागा मोकळी झाली की विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात. मग जुलाब सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत ससा दगावू शकतो. सशांना चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती निवडायची डॉक्टरांनी. उद्या त्यांनी भुऱ्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर मात्र घाबरू नका. तेच औषध टोचून दिलं की सशांना सहसा चालतं, तोंडातून दिलं की घात करतं.

खाजेवरचं मलमही आजपासून बंद करा. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. सशाचं शरीर स्टेरॉइडला फार चटकन बळी पडतं, त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि जखम भरायची लांबते. शिवाय सशाच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटातच जातं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ससा दिवसभर स्वतःला चाटून साफ करत असतो. म्हणून जस्त असलेली मलमं, बधिर करणारी मलमं, टी ट्री ऑइल, जंतुनाशक म्हणून घरात असणारे उग्र वासाचे द्राव, यांतलं काहीही त्याच्या अंगावर नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर जखमेवर नव्याने येऊ पाहणारी कातडीच जाळतात. मलमाची ट्यूब टाकून देऊ नका, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. पोटात काय गेलंय ते त्यांना कळायला हवं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. कुठलं मलम लावू, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्य नाही, पण गेली सोळा वर्षं माझ्या घरात ससे आहेत. सशाच्या अंगावर जखम दिसली की मलम शोधायच्या आधी ती जखम तिथेच का झाली हे शोधायचं, एवढं मी त्यांच्याकडून शिकलेय. हे मला फार महागात पडून कळलं. माझ्या पहिल्या सशिणीची हनुवटी ओली राहायची, खालची कातडी लाल होऊन केस झडायला लागले होते. मी तीन आठवडे ती जागा पुसत आणि कोरडी करत बसले. दुखणं होतं दातांत. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलीमीटर. तिच्या दाढांना टोकं आली होती, ती जिभेला टोचत होती आणि म्हणून लाळ गळत होती. ते तीन आठवडे ती दुखऱ्या तोंडाने खात होती आणि मी तिची हनुवटी पुसत होते. आजही आठवलं की मन खातं.

भुऱ्याच्या टाचांना काय झालंय ते कळायला त्याचा पाय नीट पाहावा लागेल. कुत्र्यामांजरांच्या पायाखाली जाड मऊ गादी असते, सशाला ती नसते. त्याच्या तळपायाला फक्त दाट केसांचा थर असतो, त्याच्या खाली पातळ कातडी आणि लगेच हाड. ससा बसतो तेव्हा मागच्या पायाच्या बोटांपासून टाचेपर्यंतचा सगळा भाग जमिनीला टेकतो. जमीन मऊ असेल तर भार पसरतो. जाळीवर मात्र तो दोन-तीन तारांवर येतो, तिथल्या केशवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, केस जातात, कातडी लाल होते आणि शेवटी फुटते. खात्री करायची असेल तर भुऱ्याच्या जाळीवर तुमचा तळहात ठेवा, त्यावर दुसऱ्या हाताने भार द्या आणि मिनिटभर थांबा. हात उचलल्यावर तारांचे वळ दिसतील. भुऱ्या त्यावर साडेचार वर्षं बसलाय. तुम्हाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाहीये. दुकानात हेच पिंजरे मिळतात आणि घेताना आपल्याला कुणी सांगत नाही.

त्यातून तो रेक्स. रेक्सची मखमल आपल्याला आवडते, पण ती मखमल असते कारण त्यांचे वरचे राठ केस आखूड राहतात. तळपायालाही तसंच. म्हणजे मुळात कमी असलेलं संरक्षण, त्यात जाळी, त्यात वाढलेलं वजन. नखंही पाहा. नखं लांब झाली की पुढचा भाग उचलला जातो आणि भार मागे टाचेवर सरकतो.

शेपटीखालचा ओलावा तुम्ही वेगळी तक्रार म्हणून लिहिलाय. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. धडधाकट ससा लघवी करताना मागचा भाग उचलून शेपूट वर करतो. टाचा दुखत असतील तर तो ते टाळतो, लघवी मांड्यांवरून ओघळते, केस ओले राहतात आणि कातडी पोळते. दुखतंय म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून वजन वाढतं, वजनाने टाचा आणखी दबतात, आणि ओल्या जागी बसून त्याच टाचा भिजून नरम पडतात. सोफ्यावर उडी मारणं त्याने सोडलं ते वयामुळे असेल असं समजू नका. दुखतंय हे ससा ओरडून सांगत नाही. तो नेहमीच्या गोष्टी एकेक करून सोडून देतो.

उलटंही असू शकतं आणि म्हणूनच डॉक्टर हवेत. कदाचित सुरुवात लघवीपासून झाली असेल. सशाचं शरीर आहारातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं. मूत्राशयात त्याचा गाळ साठला की लघवी दाट, खडूच्या पाण्यासारखी होते आणि थेंबथेंब गळत राहते. पाठीचे किंवा नितंबाचे सांधे धरले असतील तरी मागचा भाग उचलता येत नाही. आज रात्री त्याला पांढऱ्या सुती कापडावर ठेवा आणि सकाळी पाहा. वाळल्यावर पांढरी भुकटी जाडसर राहिली असेल तर ते कापड घडी करून डॉक्टरांना दाखवायला न्या. लघवी नारिंगी-लालसर दिसली तर लगेच रक्त समजू नका, चाऱ्यातल्या रंगद्रव्यानेही असा रंग येतो. पण रंग दोन दिवसांत गेला नाही तर तपासणी करून घ्या.

आजच करायचं काम म्हणजे जाळी काढणं. जाळी निघत नसेल तर तिच्यावर पुठ्ठा किंवा लाकडी फळी पक्की बसवा, त्यावर जुन्या चादरींच्या दोन-तीन घड्या आणि सगळ्यात वर फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड किंवा जाड टॉवेल. फ्लीसमधून ओल खाली झिरपते आणि वरचा पदर बराच कोरडा राहतो, म्हणून मला तेच आवडतं. कुरतडणाऱ्या सशाने धागे ओढून खाल्ले तर मात्र ते काढून वाळल्या गवताचा जाड थर द्या. सतरंजी नको. ती खरखरीत असते, घासते आणि ओल धरून ठेवते. नुसती गुळगुळीत फरशीही चांगली नाही. ती कडक असते आणि पाय घसरू नये म्हणून ससा टाच आणखी रोवून बसतो. अंथरूण रोज बदला, ओलं दिसलं तर दिवसातून दोनदा. गादी हाताला मऊ लागली म्हणून समाधान मानू नका, मुठीने जोर देऊन दाबा. खालचा तळ हाताला लागला तर भुऱ्याच्या टाचेलाही लागणार.

मग टाच पाहायची. त्याला उताणं करू नका. उताणा ससा शांत पडतो तो भीतीने, आणि दचकून लाथ मारली तर स्वतःच्याच जोराने त्याचा मणका मोडू शकतो. जमिनीवर बसा, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या, एका हाताने छाती आणि दुसऱ्याने बूड धरा. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दोन बोटांनी टाचेचे केस बाजूला करायला सांगा. बोटाच्या पेरापेक्षा लहान, कोरडी, गुलाबी, घट्ट कातडी दिसली तर ते घट्ट्यासारखं असतं, बऱ्याच सशांना असतं आणि अंथरूण सुधारलं की तेवढ्यावर थांबतं. लालभडक, सुजलेली, गरम कातडी ही त्यापुढची पायरी. खपली म्हणजे तिच्याखाली जखम आहेच. तुम्ही लिहिलेली डावी टाच या वर्गातली आहे. ती घरी बरी करत बसू नका, दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पू, दुर्गंधी, रक्त किंवा लंगडणं दिसलं तर त्याच दिवशी.

तोवर खपली काढू नका. स्वच्छ करायचीच तर मिठाच्या पाण्याने. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात भिजवलेला गॉज टाचेवर मिनिटभर नुसता टेकवून ठेवा, चोळू नका. मग कोरड्या गॉजने टिपून घ्या. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. टाचेच्या आजूबाजूचे केस कापून जागा मोकळी करायचा मोह होतो. ते बिलकुल करू नका, उरलेला तेवढाच तिचा आधार आहे. घरी पट्टीही बांधू नका. सैल बांधली तर तो कुरतडून गिळतो, घट्ट बांधली तर पाऊल सुजतं. गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालून चाटणं बंद करायची युक्ती कुत्र्याला चालते, सशाला नाही. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्याच्या पोषणाचा तो भाग आहे, आणि शंकूमुळे तेच थांबतं.

आंघोळही आता नको. ओल्या सशाचं अंग पटकन गार पडतं, भीतीने काहींची शुद्ध हरपते, आणि त्याची कातडी इतकी दाट केसाळ असते की आतपर्यंत वाळायला तासन्‌तास लागतात. पोळलेल्या कातडीवर शांपू म्हणजे तर आगच. फक्त शेपटीखालचा भाग कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि टॉवेलने टिपून पूर्ण कोरडा करा. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा लावू नका. केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर कात्री लावू नका. सशाची कातडी पातळ असते, गुठळीबरोबर वर ओढली जाते आणि केस समजून कातडीच कापली जाते. डॉक्टरांकडे केस काढायचं यंत्र असतं.

एका बाबतीत मात्र अजिबात वाट पाहायची नाही. ओल्या, वास येणाऱ्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि ती दिवसाच्या आत फुटू शकतात. अळ्या थेट कातडी खातात आणि ससा काही तासांत गंभीर होतो. भुऱ्याचं बूड सध्या रोज सकाळ-संध्याकाळ हाताने चाचपून पाहा, नुसतं वरून पाहून भागत नाही. भाताच्या लहान कण्यांसारखे पांढरे पुंजके किंवा एखादी अळी दिसली तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. तसंच कुठल्याही कारणाने त्याने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर तीही आणीबाणी समजा. दुखण्यानेच त्याची आतडी थांबतात.

डॉक्टर निवडताना सशांवर नेहमी उपचार करणारा मिळतो का ते विचारा, सगळेच करत नाहीत. ते बहुधा टाचेचा एक्स-रे सुचवतील. खर्च वाढवायला सांगतायत असं वाटून घेऊ नका. जखम हाडापर्यंत गेलीय का हे वरून कळत नाही आणि सगळा उपचार त्यावर ठरतो. सशाचा पू दुधासारखा वाहत नाही, दंतमंजनाच्या पेस्टसारखा घट्ट असतो. म्हणून गळू झालं असेल तर नुसतं फोडून भागत नाही, बऱ्याचदा ते कापून काढावं लागतं. वेदनाशामक औषध नक्की मागा. मेलॉक्सिकॅम सशांना सर्रास दिलं जातं, पण माणसांच्या गोळीचा तुकडा करून अंदाजाने नाही. दुखणं कमी झालं की तो हलेल, आणि हलणं हाच त्याच्या टाचांचा निम्मा उपचार आहे.

वजनासाठी त्याला उपाशी ठेवू नका. लठ्ठ सशाचं खाणं अचानक तोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि तो त्यानेच जाऊ शकतो. वाळलं गवत चोवीस तास, हवं तितकं. कमी करायचा तो गोळीखुराक, म्हणजे विकतचा गोळ्यांच्या रूपातला खाऊ, तोही काही आठवड्यांत थोडा थोडा. अल्फाल्फा म्हणजे लसूणघास देत असाल तर तो थांबवून साधं गवत सुरू करा. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, वाढत्या पिल्लांना ते चालतं, भुऱ्याच्या वयाला नाही. गवत त्याच्यापासून चार पावलं लांब ठेवा, म्हणजे उठून जावं लागेल. सोफ्यावर मात्र टाच भरेपर्यंत चढू देऊ नका. वरून खाली उतरताना सगळा भार तिच्यावरच येतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. सगळी खाज, सगळे टक्कल टाचेसारखे नसतात. मानेमागे आणि पाठीवर कोंडा दिसतो आणि नीट निरखलं तर तो कोंडा हलतो, ते बारीक किडे असतात. त्याने घरातल्या माणसांच्या हातावरही पुरळ येऊ शकतं. कानात तपकिरी खपल्यांचे थर साठले तर ते खरवडू नका. आत कातडी सोललेली असते, भयंकर दुखतं, आणि किडे मेल्यावर त्या आपोआप गळतात. गोल टकलाचे चट्टे, कडेला पापुद्रे, हा गजकर्ण असू शकतो, तोही माणसाला लागतो, तेव्हा मुलांना हात धुवायला लावा. या किड्यांवर पशुवैद्य आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन देतात. कुत्र्याच्या पिसवांसाठीचे, मानेवर टाकायचे थेंब मात्र सशाला कधीही नको. त्यातल्या फिप्रोनिलने ससे झटके येऊन मेलेले आहेत. आणि मादी सशीण गळ्याखालचे केस स्वतःच उपटत असेल, तोंडात गवत गोळा करत असेल, तर तो आजार नाही, ती घरटं करतेय.

भुऱ्याच्या टाचा भरायला आठवडे लागतील, कदाचित काही महिने. केस पूर्ण परत येतीलच असं नाही, आणि न आले तरी कातडी घट्ट व कोरडी राहिली तर तेवढं पुरे. दर रविवारी एकाच उजेडात, शेजारी नाणं ठेवून दोन्ही टाचांचा फोटो काढा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. डॉक्टरांकडे नेताना पेटीत त्याच्याच वासाचा टॉवेल आणि मूठभर गवत ठेवा. त्याला उपाशी नेऊ नका, भूल द्यायची असली तरीसुद्धा, सशाला उलटी होत नाही. ते पांढरं कापड आणि मलमाची ट्यूब न्यायला विसरू नका. एक्स-रेत काय निघालं ते मला कळवा.